कच्च्या कैद्यांच्या विटा

जोहान्सबर्गच्या एका टेकडीवरच्या तुरुंगाने १९०८ साली गांधीजींना आणि १९६२ साली मंडेलांना आत घेतले होते. आज तिथे दक्षिण आफ्रिकेचे संविधान न्यायालय भरते. कच्च्या कैद्यांची बराक पाडली तेव्हा निघालेल्या विटा न्यायदालनाच्या भिंतीत बसवल्या आहेत. दालनाला काचेची एक आडवी पट्टी आहे. युक्तिवाद रंगात आलेला असताना तिच्यातून रस्त्याने जाणाऱ्यांचे पाय दिसतात.

न्यायालय सुरू झाले फेब्रुवारी १९९५मध्ये, इमारत २००४ची. त्याची एक खोड मात्र पहिल्या दिवसापासूनची: सगळ्यांनी मिळून बसायचे. आपल्या सर्वोच्च न्यायालयात दोन-तीन न्यायमूर्तींची कितीतरी पीठे एकाच वेळी कामाला असतात. इथे न्यायाधीशच अकरा, आणि किमान आठ जण बसल्याशिवाय प्रकरण ऐकायचे नाही, हा संविधानाचाच हुकूम.

पहिल्याच वर्षी फाशीचा प्रश्न आला. बहुसंख्य लोकांना फाशी हवी असेल, हे न्यायालयाचे अध्यक्ष आर्थर चास्कालसन यांनी गृहीत धरले आणि तरीही ६ जून १९९५ रोजी न्यायालयाने ती एकमताने रद्द केली. एकमत असूनही अकराही जणांनी आपापले मत स्वतंत्र लिहिले!

२००० साली केपटाऊनजवळच्या वॉलासडीनची बेघर झालेली ९०० माणसे दारात आली. त्यांत ५१० मुले. निकाल लिहिला तान्हेपणीच दृष्टी गेलेल्या झॅक याकूब यांनी. ज्यांच्या डोक्यावर छप्परच नाही त्यांच्यासाठी ज्या गृहयोजनेत काहीच तरतूद नाही, ती संविधानाला धरून नाही, असे त्यांनी ठरवले. घरे बांधणे सरकारच्या हाती राहिले. खटला जिच्या नावाने ओळखला जातो ती आयरिन ग्रूटबूम २००८ साली वारली, तेव्हाही झोपडीतच राहत होती.

२०२१मध्ये याच न्यायालयाने माजी राष्ट्राध्यक्ष जेकब झुमांना अवमानासाठी १५ महिन्यांची कैद सुनावली.

दरारा असा, कामाचा ढीगही तसाच. २०१३च्या घटनादुरुस्तीने दार रुंद केले. आता घटनेचा प्रश्न नसला, तरी सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा मुद्दा घेऊन इथे येता येते. दार रुंदावले, माणसे तेवढीच. सुनावणीनंतर तीन महिन्यांत निकाल द्यावा हा न्यायव्यवस्थेचाच दंडक वारंवार मोडतो. उदाहरणार्थ, राष्ट्राध्यक्ष रामफोसांच्या फाला फाला फार्मवर सोफ्यात दडवलेल्या डॉलरांची चोरी झाली. त्यावरून महाभियोगाची चौकशी पुढे न नेण्याचा संसदेचा ठराव इथे आव्हानाला आला. नोव्हेंबर २०२४मध्ये सुनावणी संपली, वर्ष उलटले, तरी निकालपत्र आले नव्हते.