ताबा मिळेपर्यंत

लिनक्सवर सी भाषेत वीसेक ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. पहिल्या एंटरला मॅलॉकने एक जीबी मेमरी मागायची आणि थांबायचं. दुसऱ्या टर्मिनलवर प्रोसेसची मेमरी दाखवणारा ‘टॉप’ चालू ठेवला. मेमरी मागताच ‘व्हर्ट’चा, म्हणजे कागदोपत्री मिळालेल्या पत्त्यांचा, रकाना एक जीबीने फुगला. ‘रेस’, म्हणजे रॅममधला खरा वाटा, जवळपास होता तिथेच राहिला. फ्लॅटचं अलॉटमेंट लेटर मिळालं, ताबा नाही.

दुसऱ्या एंटरला प्रत्येक पानातला एकेक बाइट नुसता वाचला. पान ४,०९६ बाइटचं, म्हणजे एक जीबीत २,६२,१४४ पानं. (मोठ्या पानांची सोय आधीच बंद केली होती, नाहीतर हा हिशेब जुळत नाही.) पेज फॉल्टचा, म्हणजे नोंद नसलेल्या पानावर अडण्याचा, आकडा अडीच लाखांच्या वर गेला आणि रेस तरीही हलेना! कारण न लिहिलेलं पान वाचायला गेलं की कर्नल शून्यांनी भरलेलं एकच सामाईक पान पुढे करतो. अडीच लाखांवर पत्ते, आणि सगळे एकाच दारात नेणारे. कितीदाही पाहिलं तरी मला याचं नवल वाटतं. वर्गात पेज टेबलाची आकृती काढण्याआधी मुलांना हा न हलणारा रकाना दाखवायला हवा.

तिसऱ्या एंटरला त्याच बाइटांवर लिहिलं, तेव्हा रेस चढू लागला. पानावर पहिल्यांदा लिहिताना प्रोसेसर अडतो. कर्नल रॅममधलं मोकळं पान शोधतो, शून्यांनी भरतो, पेज टेबलात नोंद करतो आणि अडलेली सूचना पुन्हा चालते. प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही. ते पान पुसणं फार मोलाचं, कारण त्यावर मघाशी दुसऱ्या कुणाचा पासवर्ड असू शकतो.

मग फोर्क केलं, म्हणजे चालू प्रोसेसमधून तिच्यासारखीच एक मुलगी-प्रोसेस काढली. दोन्ही प्रोसेसनी एकच पत्ता छापला. मुलीने तिथे ५ खोडून ७ लिहिले. आईकडे ५ तसेच. गट नंबर ४२ दोन गावांत असतो, जमीन वेगवेगळी असते. इथे प्रत्येक प्रोसेस स्वतःचं गाव, आणि पेज टेबल त्या गावचं दप्तर. लिहिण्याआधी मात्र दोघींची जमीनही एकच होती. लिहिलं त्या एका पानाचीच प्रत निघाली.

प्रोग्रॅमला खऱ्या मेमरीऐवजी असे आभासी पत्ते देण्याची कल्पना मँचेस्टरच्या ‘अॅटलस’ संगणकाची, १९६२ सालची. टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवान कोअर मेमरी आणि संथ ड्रम मिळून प्रोग्रॅमरला एकच सलग मेमरी दिसेल असं केलं. त्याआधी या दोन मेमरींमधली ने-आण प्रोग्रॅमर स्वतः करत. अॅटलसचं पान ५१२ शब्दांचं होतं. आज माझ्या यंत्रात ४८ बिटांचा पत्ता चार टप्प्यांत उलगडतो, आणि रॅम आठ जीबी असूनही प्रत्येक प्रोसेसपुढे १२८ टीबीचा पट्टा असतो.

शेवटी फ्री केलं. रेस झटकन खाली आला. मुद्दाम त्याच जुन्या पत्त्यावर लिहायला गेलो. सेगमेंटेशन फॉल्ट. दप्तरात आता ती नोंद नव्हती.