वैनगंगेकाठची पवनी

गोंदियाच्या माणसाला पवनी परकी नाही. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तोवर दोन्ही गावं एकाच भंडारा जिल्ह्यात होती. तरी आमच्याकडची मंडळी नवेगावबांध, नागझिरा, कचारगड पालथं घालतात आणि पवनीला क्वचितच जातात. गोंदियाची बाजारपेठ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या रेल्वेनं वाढवली. पवनीला वैनगंगेनं मोठं केलं, तेही दोन हजार वर्षांपूर्वी. रेल्वे गावात आलीच नाही. ‘पवनी रोड’ नावाचं स्टेशन होतं, पण नागपूर–नागभीडच्या छोट्या गाडीच्या मार्गावर, गावापासून दूर. माझ्या मते पवनी मागे पडली ती इथंच, आणि तिचं जुनं रूप बरंचसं टिकलं तेही त्यामुळेच.

गावाच्या पूर्वेला नदी आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना मातीचा उंच तट, बाहेरून खंदक. तटावर काही ठिकाणी दगडी बांधकाम आहे. आत शिरलं की अरुंद गल्ल्या, जुने वाडे आणि दर वळणावर देऊळ. विदर्भाची काशी म्हणतात ते उगीच नाही. पंचमुखी गणेशाचं देऊळ विदर्भाच्या अष्टविनायकांत मोडतं. मूर्ती एकाच दगडाची, सर्व दिशांना मुखं असलेली. म्हणून तिला सर्वतोभद्र म्हणतात. मुरलीधर, नीलकंठ अशी देवळं पाहत पाहत वैजेश्वर घाटावर यावं, तेही सकाळीच. घाट पूर्वाभिमुख असल्यानं सूर्य नदीपलीकडून थेट पायऱ्यांवर येतो.

पवनीचं खरं वैभव मात्र जमिनीखाली सापडलं. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव व जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली इथं उत्खनन केलं. जगन्नाथ टेकडी म्हणून लोक जिला ओळखत होते, ती विटांचा प्रचंड स्तूप निघाली. सांचीच्या मोठ्या स्तूपाचा व्यास सुमारे ३६.६ मीटर, हा त्याहूनही मोठा. भोवती दगडी कठडा होता आणि त्याच्या खांबांवर ब्राह्मीत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत.

हे लेख वाचताना मन भरून येतं. त्यांत विसमिता नावाची एक बाई आहे. तिनं दान दिलं आणि सर्व प्राणिमात्रांना सुख लाभो एवढीच इच्छा कोरवून घेतली. एका खांबावर पाच फण्यांचा नाग रिकाम्या आसनावर छत्र धरून उभा आहे. शेजारी त्याचं नावही लिहिलंय, मुचलिंद. ज्ञानप्राप्तीनंतर वादळपावसात बुद्धाचं रक्षण करणारा हा नाग. त्या काळी बुद्धाची मूर्ती घडवत नसत, म्हणून आसन मोकळं ठेवलं. नागवंशाच्या आठवणी जपणाऱ्या या मुलखात हा खांब सापडावा याचं मला फार अप्रूप वाटतं.

महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याचा स्मृतिस्तंभ आणि भार घराण्यातला राजा भगदत्त याच्या नावाची कोरीव पावलांची शिळाही पवनीचीच. एवढे लोक इथं का आले? पश्चिमेकडून येणाऱ्या वाटेला इथं नदी ओलांडता येत असणार आणि उतारावर बाजार बसतोच. एवढ्या दानाला पैसा लागतो, तो शेतीइतकाच व्यापारातूनही आला असावा.

पुढंही पवनी कसबी गाव राहिलं. कोष्ट्यांच्या हातमागावरची रेशीमकाठी वस्त्रं इंग्रजी अमदानीत नावाजलेली होती. गिरणीच्या कापडापुढं ते माग मागे पडले. आता गावाच्या परिसरात मिरचीचे सातरे, म्हणजे मिरची खुडण्याच्या जागा, दिसतात. लाल मिरचीचे ढीग पडलेले, भोवती बाया बसून झपाझप देठ खुडतात. नवख्याला दारातच ठसका लागतो. त्या मात्र तोंडाला पदर बांधून दिवसभर तिथंच असतात. भौगोलिक मानांकन मिळालेली भिवापुरी मिरची शेजारच्याच तालुक्यातली.

नदीही बदलली आहे. वरच्या अंगाला गोसीखुर्दचं धरण झालं. त्याची पायाभरणी १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते झाली. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेच्या पुरानं भंडारा जिल्ह्याला झोडपून काढलं. नदीकाठच्या गावाला हे भोग चुकत नाहीत, पण तटाला आणि घाटांना नीट डागडुजी मिळायला हवी, हे मात्र आपल्या हातात आहे. इथं सापडलेलं काही इथंच, एखाद्या चांगल्या संग्रहालयात पाहता यावं, अशीही माझी मनापासून इच्छा आहे.

गोंदियाहून निघाल्यास भंडाऱ्यावरून जावं. नागपूरकरांना उमरेड–भिवापूरची वाट सोयीची. थंडीत या, मुक्कामाच्या तयारीनं या. वाटेतल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघ पाहायला जाणारे अनेक जण पवनी टाळून परततात. त्यांनी निदान अर्धा दिवस तरी तटाच्या आत चालावं. स्तूपाची जागा, पंचमुखी गणेश आणि घाट एवढं त्या वेळात पायी पाहून होतं.