गुडघा वाकला की कंबर हलते

डोक्यावर पाण्याने भरलेला गुंड घेऊन चालणारी बाई विदर्भातल्या पुलगावात ज्यांनी पाहिली आहे, त्यांना लॅटिन नाचाचा निम्मा धडा आधीच माहीत आहे. चुंबळीवरचा गुंड जागचा हलत नाही, खांदे स्थिर, मान सरळ. खाली कंबर मात्र पावलागणिक डावीकडे-उजवीकडे झुलते. ती कंबर ती हलवत नसते. वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर जातं, म्हणून ती हलते. साल्सा, मेरेंगे, बचाता, चा-चा-चा या कॅरिबियन बेटांतून आलेल्या नाचांचं मर्म हेच. ‘मले नाही बा कंबर हलवता येत’ म्हणणाऱ्यांनी कंबरेचा विचारच सोडून द्यावा आणि गुडघ्याकडे बघावं.

करून बघू. पायांत वीतभर अंतर ठेवून उभे राहा. उजवा गुडघा किंचित वाकवा, डावा सरळ करा आणि सगळं वजन डाव्या पायावर द्या. डावा कुल्हा आपोआप बाहेर आणि वर गेला, उजवा खाली आला. आता उलट करा. एवढंच. पाऊल टाकताना गुडघा वाकलेला असतो आणि चवड्याची आतली कड आधी टेकते. मग वजन येतं, टाच खाली जाते, गुडघा सरळ होतो, आणि कुल्हा सगळ्यांत शेवटी पोचतो. नवशिके नेमका हा क्रम उलटा करतात. आधी कंबर फेकतात, मागून पाय टाकतात. ते दिसतंही वाईट आणि दुसऱ्या दिवशी पाठही धरते.

आपल्याकडे हे सैल गुडघे पडद्यावर आणले सिनेनट भगवानदादांनी. त्यांचा जन्म 1913चा, अमरावतीचा. पुलगावहून रेल्वेने बडनेऱ्याला उतरलं की ते गाव जवळच. ‘अलबेला’ (1951) या सिनेमात संगीतकार सी. रामचंद्रांनी बोंगो वापरला आणि भगवानदादा त्यावर जेमतेम फूटभर जागेत नाचले. शरीर जाड, पावलं बारीक, वजन मात्र प्रत्येक ठोक्याला पुरतं बदललेलं. त्याला कुणी साल्सा म्हणणार नाही. ‘साल्सा’ हे नावच न्यूयॉर्कमधल्या क्युबन आणि पोर्तो रिकन वस्त्यांतून साठ-सत्तरच्या दशकांत रूढ झालं. पण अंगाचं गणित तेच.

सुरुवात मेरेंगेने करावी. प्रत्येक ठोक्याला एक पाऊल, शाळेतल्या कवायतीसारखं जागच्या जागी. फक्त गुडघे वर न उचलता, आधी सांगितल्यासारखे आळीपाळीने वाकवायचे. ते जमलं की साल्सा. मोजणी आठची असते, पावलं सहाच. एकला डावा पाय पुढे, दोनला उजवा जागच्या जागी, तीनला डावा परत मध्यावर. चारला पाऊल नाही. पाचला उजवा मागे, सहाला डावा जागेवर, सातला उजवा मध्यावर. आठला पुन्हा पाऊल नाही. या चार आणि आठला लोक थिजतात. तिथे पाय थांबतो, कुल्हा नाही. वजन अजून उतरतच असतं.

कान तयार करायचे तर टिपऱ्या घ्या. क्युबन संगीतात दोन लाकडी दांड्यांवर एक ठरलेला ठोका वाजतो, त्याला क्लावे म्हणतात. त्रितालासारख्या 16 मात्रा मोजा आणि पहिली, चौथी, सातवी, अकरावी, तेरावी या मात्रांवर टिपरी मारा. पहिल्या अर्ध्यात तीन ठोके, दुसऱ्यात दोन. त्रितालाची सवय असलेला हात सुरुवातीला पाचव्या मात्रेवर हमखास पडतो.

व्यायाम म्हणून याचा उपयोग कशात? प्रत्येक पावलाला शरीर क्षणभर एका पायावर तोललेलं असतं, त्यामुळे पोटऱ्या, मांड्या आणि कुल्ह्याच्या बाजूचे स्नायू सतत कामाला लागतात. म्हातारपणी तोल जाऊ नये म्हणून हेच स्नायू लागतात. वरचं अंग स्थिर ठेवायला पोट-पाठ राबते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रम सांगते. रोज अर्धा तास, पाच दिवस, झाला हिशेब. मध्यम म्हणजे नाचताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम. किती कॅलरी जळल्या हे सांगणाऱ्या जाहिरातींकडे मी फार लक्ष देत नाही; कॅलरी तुमच्या वजनावर, वेगावर आणि मध्ये किती वेळ गप्पा मारल्या यावर ठरतात.

जोडीने नाचताना फुगडी आठवावी. फुगडीत दोघी मागे रेलतात, म्हणून हात ताणलेले राहतात आणि एकीचा वेग दुसरीला कळतो. साल्सात ताण त्याहून पुष्कळ कमी, बोटांपुरताच, पण निरोप तसाच हातांतून जातो. हात लुळे पडले की गिरकीचा इशारा पोचतच नाही.

गिरकी घेताना टाच उचलून चवड्यावर फिरायचं. अनवाणी पाऊल फरशीला चिकटतं, अंग फिरतं आणि सगळा पीळ गुडघ्यात उतरतो. सुती मोजे घातले तर उलट पाय घसरतो. गुळगुळीत तळाचे, पायात घट्ट बसणारे बूट बरे. गुडघा आधीच दुखत असेल तर गिरक्या सोडून द्या, मेरेंगे पुरतो. आणि मे महिन्यात पुलगावचा पारा 45च्या आसपास असतो, तेव्हा हे सगळं सकाळी सहाला नाहीतर दिवेलागणीनंतर, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवून.