समजून घ्या : 'बँक' म्हणजे काठ की पैसे? संगणकाला नेमकं कसं विचारायचं

इंग्रजी 'बँक' शब्द ऐकला की आपल्याला पासबुक आठवतं. अमेरिकेच्या प्रिन्स्टन विद्यापीठात १९८५ मध्ये सुरू झालेल्या 'वर्डनेट' या संगणकीय शब्दकोशात मात्र नामाचा पहिला अर्थ आहे पाण्याकाठचा उतार. पैशांची बँक दुसऱ्या क्रमांकावर! नमुन्याच्या मजकुरात जो अर्थ जास्त वेळा आढळला, तो वर.

वर्डनेटला कमांड लाइनवरून, म्हणजे सूचना टाइप करून, प्रश्न विचारता येतात. रोमन लिपीत 'डब्ल्यूएन', मग शब्द, मग डॅश लावून पर्याय. 'हायपेन' हा पर्याय (हायफनशी गल्लत नको, शेवटचा 'एन' नामाचा) शब्दाचे वरचे वर्ग दाखवतो. काठ हा उतार, उतार ही भूरचना. पैशांची बँक ही वित्तसंस्था, वित्तसंस्था ही संस्था. मग बँक हीसुद्धा संस्थाच, हे वेगळं लिहून ठेवावं लागत नाही. पायऱ्या चढल्या की अनुमान निघतं.

पण शिडीच चुकीची धरली तर? पहिलाच अर्थ उचलणारा प्रोग्राम तुमची कर्जाची बातमी खुशाल नदीकाठी नेऊन ठेवेल. म्हणून आधी 'ओव्हर' पर्यायाने सगळे अर्थ क्रमांकासह पाहावेत आणि मग 'हायपेन'सोबत 'एन२' जोडावा. आता फक्त दुसऱ्या अर्थाची शिडी दिसते. क्रमांक पाठ करून ठेवू नका, आवृत्तीगणिक ते बदलू शकतात.

मराठीचंही वर्डनेट आहे, आयआयटी मुंबईत तयार झालेलं. आणि आपल्याकडे 'तीर' म्हणजे काठही, बाणही.