फिरतें घर आणि खानदेशचें ऊन

वैशाखांतील खानदेश कसा असतो हें जळगांव-भुसावळकडील माणसाला सांगावयास नको. पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि उन्हांत उभ्या केलेल्या मोटारीच्या पत्र्याला हात लावतां येत नाहीं. अशा मुलुखांत पत्र्याच्या डब्यांत रात्र काढण्याची हौस कोणी बाळगावी, हें चमत्कारिक वाटेल. परंतु आमच्या घरीं ती केवळ हौस नव्हती. माझ्या वृद्ध मातोश्रींना एकदां तोरणमाळ पाहावयाचें होतें, आणि तासाभराहून अधिक वेळ बसून राहणें त्यांना सोसत नाहीं. वाटेंत थांबून आडवें होतां येईल, रात्रीं निजतां येईल, अशी गाडी हवी होती. नवी घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून जुनी घेतली. त्या खटाटोपांत ज्या चुका झाल्या व जें शिकावयास मिळालें, तें आज आपणांपुढें मांडतों.

प्रथम गाडीची निवड. चारही चाकांना एंजिनाचा जोर मिळतो त्या गाडीला बाजारांत फोर-बाय-फोर म्हणतात. नदीच्या वाळूंत किंवा घाटांतील चिखलांत दोन चाकें फिरत राहिलीं, तरी उरलेलीं दोन गाडी ओढून काढतात. आपल्याकडे ही कल्पना जीपनें रुजविली. १९४७ सालीं महिंद्र कंपनीनें विलिस जीपची जुळणी सुरू केली. हल्लीं जुन्या बाजारांत गुरखा, बोलेरो कॅम्पर अशा गाड्या दिसतात. मात्र नांवाला भुलूं नये. बोलेरो ‘कॅम्पर’ म्हणजे पुढें माणसांची केबिन व मागें मालाचा हौदा असलेली गाडी. तें निजावयाचें घर नव्हे. शिवाय तिचे सगळेच नमुने चारही चाकांचे नसतात.

गाडी पाहावयास जातांना मोकळ्या मातीवर चार चाकांचा दांडा टाकून पाहावा. कोरड्या डांबरावर ही परीक्षा करूं नये. वळणावर पुढचीं व मागचीं चाकें सारख्या गतीनें फिरत नाहींत, आणि त्या ओढाताणीनें दांतेरी चक्रांवर ताण पडतो. मग खालीं वांकून सांगाड्यावरील गंज पाहावा. पाणी सांचतें अशा कोपऱ्यांतून तो आधीं लागतो. चारही टायर सारखे झिजले आहेत कीं नाहींत, हेंही पाहावें.

यानंतर कागदपत्रें. एंजिनाचा व सांगाड्याचा नंबर नोंदणीपुस्तकाशीं जुळवावा आणि गाडीवर कर्जाचा बोजा नाहीं याची खात्री करावी. मालकी बदलण्यासाठीं २९ व ३० नंबरचे नमुने भरावे लागतात. येथें एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवावी. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२व्या कलमाप्रमाणें मूळ बनावटींत मनास येईल तसा बदल करतां येत नाहीं, आणि २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही हाच मुद्दा कडकपणें सांगितला. म्हणून छप्पर कापण्यापूर्वीं किंवा आसनें काढण्यापूर्वीं परिवहन कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी. नाहीं तर अपघाताच्या वेळीं विम्याचा आधार नेमका तुटावयाचा.

आतां उष्णतेचा विचार. भर दुपारीं एक चौरस मीटर जागेवर सूर्याची सुमारें एक हजार वॅट शक्ति पडते. पांच चौरस मीटरांचें छप्पर म्हणजे पांच विजेच्या इस्त्र्या डोक्यावर ठेवल्यासारखें झालें! आपल्या वाडवडिलांनीं धाब्याचीं घरें बांधलीं. त्यांच्या मातीचा जाड थर दिवसाचें ऊन आंत पोहोंचण्यास रात्र करीत असे. ती माती गाडीवर वाहून नेतां येत नाहीं. म्हणून पहिला उपाय असा कीं, ऊन पत्र्यावर ठरूंच देऊं नये. छपराला पांढरा रंग द्यावा आणि त्यावर वीतभर अंतर सोडून कापडी छत ताणावें. जुन्या लँड रोव्हर गाड्यांना उष्ण देशांसाठीं असेंच दुहेरी छप्पर मिळत असे.

दुसरा उपाय म्हणजे आंतून अस्तर. पोलाद जितक्या सहज उष्णता वाहून नेतें, त्याच्या सुमारें दोन हजाराव्या हिश्शानेंच पॉलियुरेथेनचा फेस ती नेतो. केळीं पिकविण्याच्या खोल्यांच्या भिंतींत हाच फेस असतो, तेव्हां जळगांवकरांना तो अपरिचित नाहीं. थर्माकोल स्वस्त खरा, परंतु तो पेटतो व विषारी धूर सोडतो. कापूस आपल्या घरचा. पण तो ओल धरतो आणि आगीला मित्र. चकाकणारा पत्रा लावावयाचा असेल, तर त्याच्यासमोर हवेची पोकळी ठेवावी. दोन थरांत दाबून बसविल्यास त्याचा उपयोग होत नाहीं.

आमची चूक अशी झाली. पत्र्यावर अस्तर चिकटविलें, पण त्यामधल्या लोखंडी फासळ्या उघड्याच ठेवल्या. डिसेंबरांत तोरणमाळास, हजार मीटरांहून अधिक उंचीवर, थंडी कडाक्याची पडली. निजलेलीं माणसें रात्रभर श्वासाबरोबर पाण्याची वाफ सोडतात. ती थंड फासळ्यांवर जमून थेंब थेंब गळली. पहाटे मातोश्रींची दुलई ओली, आणि त्यांना खोकला. आलों तसे परत फिरलों. ज्या फासळीनें हिवाळ्यांत ओल आणली, तीच उन्हाळ्यांत ऊन आंत आणते, हें तेव्हां ध्यानांत आलें.

दुसऱ्यांदां काम क्रमानें केलें. आधीं अस्तर काढून गंज खरवडला व गंजरोधक रंग दिला. मग नळीनें पाणी मारून गळती शोधली. त्यानंतर विजेच्या तारा ओढल्या, फासळ्यांवर रबरी फेसाची पट्टी चढविली, तीन सेंटिमीटर जाडीचे फेसाचे तक्ते बसविले आणि शेवटीं प्लायवूड ठोकलें. दारांच्या तळाशीं पाणी जाण्याचीं छिद्रें असतात, तीं बुजविलीं नाहींत. सर्व सामान भरल्यावर गाडी वजनकाट्यावर नेऊन ठरलेल्या भाराच्या आंत आहे, हें पाहून घेतलें.

परंतु श्रोतेहो, अस्तर उष्णतेला उशीर करतें, थंडावा निर्माण करीत नाहीं. बंद गाडी दुपारभर उन्हांत ठेवली तर अस्तर असूनही ती भट्टी होते. अशा गाडींत मुलांना किंवा वृद्धांना क्षणभरही एकटें ठेवूं नये. सांवलींत उभी करावी, आणि सूर्यास्तानंतर समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्या. आपल्या कोरड्या हवेंत पाण्याचा कूलर उत्तम चालतो, पण त्यालाही हवा बाहेर जावयास वाट हवी. गॅसची शेगडी बंद गाडींत पेटवूं नये. ती जळतांना निर्माण होणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, आणि निजलेला माणूस जागा होत नाहीं.

एप्रिलांत आम्ही पुन्हां तोरणमाळास गेलों. सकाळीं मातोश्री यशवंत तलावाच्या कांठीं खुर्ची टाकून बसल्या होत्या. दुलई कोरडी होती. त्यांनीं गाडीविषयीं अवाक्षर काढलें नाहीं. फक्त चहा मागितला. एवढ्या खटपटीचें याहून मोठें प्रशस्तिपत्र मला नको होतें.