तार कोणाची?

हैदराबादेत काचीगुड्याच्या एखाद्या गृहस्थाने मोबाईलची कंपनी बदलावयाची ठरविली, तर त्याचा क्रमांक त्याच्याबरोबर जातो. २० जानेवारी २०११ पासून ही सोय देशभर झाली आहे. घरच्या ब्रॉडबँडचे तसे नाही. मोबाईलचा संदेश हवेतून येतो, ब्रॉडबँड तारेतून. आणि ती तार कंपनीच्या मालकीची असते. त्यामुळे नवी कंपनी म्हणजे नवा अर्ज, ओळखीचे व पत्त्याचे पुरावे, भिंतीला नवे छिद्र आणि तार जोडणाऱ्या माणसाची प्रतीक्षा.

शिवाय या शहरात पुष्कळशा तारा विजेच्या खांबांवरून जातात. ऑगस्ट २०२५ मध्ये रामंतापूर येथे मिरवणुकीच्या रथाला विजेचा धक्का बसून माणसे दगावली. त्यानंतर खांबांवरील केबली कापण्यात आल्या आणि अनेक घरांचे इंटरनेट एकाएकी बंद पडले. कंपनी बदलली तरी खांब तोच राहतो!

तेव्हा ग्राहकाने आपल्या गल्लीत कोणाची तार नीट चालते, हे आधी शेजाऱ्यांना विचारावे. वर्षाचे पैसे एकदम भरू नयेत. नवी जोडणी आठवडाभर चालल्यावाचून जुनी तोडू नये. आणि जुनी पेटी परत करताना पावती अवश्य घ्यावी.