आकाशातील जीव आणि धाराशिवचे पाणी

जानेवारी २०२० मध्ये तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव येथे ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. वसईच्या हिरवाईसाठी झगडलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे त्याचे अध्यक्ष होते. त्यानंतरच्या, २०२१ मधील नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद डॉ. जयंत नारळीकर यांच्याकडे आले. एकाने पृथ्वीवरील माती आणि पाणी राखण्याचा आग्रह धरला, दुसऱ्याने पृथ्वीबाहेर जीवसृष्टी आहे काय, याचा शोध घेतला. हे दोन विषय परस्परांपासून फार दूरचे वाटतात. टँकरची वाट पाहणाऱ्या माणसाला तर दुसरा विषय निव्वळ चैनीचा वाटावा. परंतु हा समज तपासून पाहण्याजोगा आहे.

जीवनाचे बीज अंतराळातून पृथ्वीवर आले असावे, असा विचार नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांनी मांडला होता. त्याची कसोटी घेण्यासाठी २००१ व २००५ मध्ये हैदराबादहून मोठे फुगे सोडून सुमारे ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने गोळा करण्यात आले. दुसऱ्या प्रयोगातील नमुन्यांत जीवाणूंच्या तीन नव्या जाती आढळल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. त्यांपैकी एकीला हॉईल यांचे आणि एकीला आर्यभटाचे नाव मिळाले. मात्र हे जीवाणू पृथ्वीबाहेरूनच आले, असे सिद्ध झाल्याचा दावा इस्रोने केला नाही. पुराव्यापलीकडे एक पाऊलही न टाकण्याची ही शिस्त प्रयोगाइतकीच मोलाची होय.

या शोधाचा मार्ग सर्वत्र पाण्यावरूनच जातो. २००८ मध्ये निघालेल्या चांद्रयान-१ वरील उपकरणाने चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याच्या खुणा टिपल्या, तेव्हा जगाने त्याची दखल घेतली. मंगळावर एके काळी नद्या वाहत होत्या, हे तेथील कोरडी पात्रे सांगतात. पुढे त्याचे वातावरण विरळ झाले, पाण्याचा काही भाग अंतराळात उडून गेला, काही भूगर्भात व बर्फात अडकला. पाणी एकदा लाभले म्हणजे ते कायमचे राहते असे नाही, हा मंगळाचा धडा आहे.

तोच धडा धाराशिवच्या भूमीनेही आपल्या परीने दिला आहे. पर्जन्यछायेतील या जिल्ह्याच्या पोटात बेसॉल्टचा काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात मावेल तेवढेच पाणी साठते. खोलवरचे पाणी वर्षानुवर्षांच्या मुरण्यातून जमलेले असते. ते उपसणे म्हणजे बचतीच्या मुद्दलाला हात घालणे. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमाने शेतीसाठी व उद्योगासाठी ६० मीटरहून खोल विहिरी घेण्यास मनाई केली आहे. तरीही पाचशे-सातशे फुटांची बोअर ही गावोगावची बोलण्यातली गोष्ट झाली आहे. ज्या भागात ज्वारी आणि तूर पिढ्यान्‌पिढ्या तग धरून राहिली, तेथे दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी मागणारा ऊस वाढतो. याचा दोष एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. हमखास खरेदीची शाश्वती त्याला उसानेच दिली. परंतु दोष कोणाचाही असला, तरी रिकामा झालेला थर त्यामुळे भरत नाही.

याच जिल्ह्यात नळदुर्गच्या किल्ल्यात १६१३ मध्ये बोरी नदीवर धरण बांधून त्याच्याच पोटात पाणीमहाल उभारण्यात आला. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांना आकाशगंगेचा विस्तार ठाऊक नव्हता. पावसाळ्यातील नदी उन्हाळ्यासाठी अडवली पाहिजे, हे मात्र ते जाणून होते.

पृथ्वी उजाड झाली तर दुसरा ग्रह आहेच, असे बोलले जाते. ही आशा फोल आहे. १९७७ मध्ये निघालेल्या व्हॉयेजर यानाला, त्याच्या आजच्या वेगाने, सर्वांत जवळच्या ताऱ्याइतके अंतर तोडण्यास सत्तर हजार वर्षांहून अधिक काळ लागेल. त्या यानातील तबकडीवर मराठीतील अभिवादन आहे आणि केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. आपला आवाज तेवढा दूर जाऊ शकतो, आपली गावे जाऊ शकत नाहीत.

म्हणून आकाशाचा शोध थांबवावा, असे नव्हे. उलट तो जिल्ह्यातील प्रत्येक शाळेत पोहोचला पाहिजे, आणि त्याची शिस्तही त्याबरोबर आली पाहिजे. शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक असावा. गावच्या चार विहिरींची पातळी दर महिन्याला विद्यार्थ्यांनी मोजावी, शिक्षकांनी तपासावी आणि ग्रामसभेसमोर मांडावी. कोणते पीक घ्यावे, किती बोअर घ्याव्यात, याचा निर्णय त्या आकड्यांपुढे बसून व्हावा. ४१ किलोमीटर उंचीवरील हवा इतक्या काटेकोरपणे तपासणाऱ्या देशाला आपल्या पायाखालच्या दोनशे फुटांचा हिशेब ठेवणे अवघड जाऊ नये.